जुन्या लाव्हाचं मूळ शोधताना: ३४ दगड, नायोबियम आणि थोरियम

६ जानेवारी

आज सॅम्पलच्या पेट्या उघडल्या. एकूण ३४ दगड, सगळे एकाच ग्रीनस्टोन पट्ट्यातले (अतिजुन्या, बदलून हिरवट झालेल्या लाव्हाचा पट्टा). वय साधारण २७० कोटी वर्षं. हे वय बेसाल्टचं थेट मोजलेलं नाही, बेसाल्टच्या थरांमध्ये फेल्सिक टफचा (सिलिका जास्त असलेल्या ज्वालामुखीच्या राखेचा) एक पातळ थर आहे त्यातल्या झिरकॉन या खनिजावरून काढलेलं आहे, म्हणजे लाव्हा त्याच्या थोडा आधीचा आणि थोडा नंतरचा असं धरून चाललोय.

प्रश्न सांगायला एकदम सोपा आहे. हा लाव्हा बाहेर पडला तेव्हा तिथे काय होतं? समुद्राच्या मधोमध प्लेटा दुरावत होत्या (रिज), की एक प्लेट दुसरीखाली जात होती (सबडक्शन) आणि वर ज्वालामुखींची बेटं तयार होत होती (आर्क), की खोलवरून गरम मँटल, म्हणजे कवचाखालचा थर, वर येऊन मोठं पठार तयार होत होतं, की जुन्या खंडाला तडे जाऊन त्यातून लाव्हा वर आला? आजच्या ज्वालामुखीला हे विचारायची गरज नसते, नकाशा बघितला की कळतं. २७० कोटी वर्षांपूर्वीचा नकाशाच नाही, त्यामुळे दगडालाच विचारायचं की बाबा तुझं गाव कुठलं.

दगड मात्र तसेच राहिलेले नाहीत. दाबाने आणि उष्णतेने मूळ पायरॉक्झीन, प्लॅजिओक्लेज गेलेत आणि त्यांच्या जागी क्लोराइट, अ‍ॅक्टिनोलाइट, एपिडोट, अल्बाइट आलेत. तरी पिलोंचे आकार शाबूत आहेत, एकावर एक रचलेल्या उशा, खालच्या टोकाला शेपटी आणि वरून गोल, त्यावरून थराची वरची बाजू कुठली हेही कळतं. पाण्याखाली बाहेर पडलेला लाव्हा एवढं तर केमिस्ट्रीशिवायच नक्की झालं.

९ जानेवारी

थिन सेक्शन (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे दगडाचे पातळ काप) बघून ५ सॅम्पल बाजूला काढले. दोघांत कार्बोनेटच्या शिरा इतक्या दाट आहेत की मूळ दगड किती आणि शीर किती ते सांगता येईना, दोन पिलोच्या बाहेरच्या काचेरी कडेचे निघाले (ती कड समुद्राच्या पाण्याशी सगळ्यात जास्त बोललेली असते), आणि एकात बुडबुड्यांच्या भोकांत क्वार्ट्झ आणि एपिडोट भरलेलं. राहिले २९. पाचही मनापासून गोळा केलेले होते पण वाईट सॅम्पलवर चांगलं मशीन लावून चांगला डेटा मिळत नाही.

१६ जानेवारी

एक चूक नोंदवून ठेवतो म्हणजे पुढच्याला उपयोगी पडेल. पहिले ४ सॅम्पल मी टंगस्टन कार्बाइडच्या मिलमध्ये दळले, पटकन होतं म्हणून. त्या मिलमधून पावडरमध्ये टंगस्टन आणि कोबाल्ट तर येतंच पण टँटलमही येतं, आणि थोडंफार नायोबियमसुद्धा. ज्या प्रकल्पाचा अर्धा डोलारा नायोबियमवर आहे तिथे हे परवडणारं नाही. चारही सॅम्पलचे उरलेले तुकडे कापून, कापलेल्या बाजू सँडपेपरने घासून करवतीचा धातू काढला, आणि परत अ‍ॅगेटच्या भांड्यात दळले. वेळ तिप्पट लागला. एक सॅम्पल झालं की दुसऱ्याच्या आधी क्वार्ट्झ दळून भांडं साफ करायचं हे आता यादीत सगळ्यात वर लिहून भिंतीला लावलंय.

२४ जानेवारी

मेजर ऑक्साइड (दगडातले मुख्य घटक) आले, एक्सआरएफवर, म्हणजे क्ष-किरणांच्या मशीनवर, लिथियम बोरेटबरोबर वितळवून काचेच्या चकत्या करून. सिलिका ४७ ते ५४ टक्के, मॅग्नेशियम ऑक्साइड बहुतेकांत ५ ते ९ च्या मध्ये, दोन सॅम्पल २० च्या वर गेलेत. ही दोन ज्या थरातली आहेत तिथे हिरवट दगडावर गवताच्या काड्या पसरल्यासारखी लांब लांब स्फटिकांची नक्षी दिसली होती, स्पिनिफेक्स म्हणतात तिला. म्हणजे कोमाटीआइट! दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बर्टन भागात कोमाटी नदीच्या काठी हा दगड ओळखला गेला, व्हिलजोएन भावांनी १९६९ मध्ये त्याला नाव दिलं. १८ टक्क्यांच्या वर मॅग्नेशियम ऑक्साइड असलेला लाव्हा म्हणजे बाहेर पडताना साधारण १४०० ते १६०० अंश तापमान, आजचा हवाईचा लाव्हा १२०० च्या जवळपास असतो. ही दोन सॅम्पल नंतर फार कामाला येणार असं वाटतंय.

भट्टीत १००० अंशांना तापवल्यावर किती वजन घटतं तेही मोजलं. ६ टक्क्यांच्या वर गेलेले ३ काढून टाकले. हा आकडा काही निसर्गाचा नियम नाही, क्लोराइट भरपूर असेल तर पाण्यामुळेच ३-४ टक्के सहज जातात आणि दगडात लोखंड भरपूर असेल तर तापवताना ऑक्सिजन घेऊन वजन थोडं वाढतंही, पण कुठेतरी रेघ मारावी लागते. राहिले २६.

५ फेब्रुवारी

हा आठवडा पूर्ण विरघळवण्यात गेला. हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्ल, टेफ्लॉनची भांडी. (हायड्रोफ्लोरिकला हात लावायच्या आधी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी आहे का ते बघायचं, दोन जोडी हातमोजे, आणि लॅबमध्ये एकटं असताना कधीच नाही. यात कधीच सूट नाही.)

पहिल्या खेपेत भांड्यांच्या तळाशी पांढरा साका राहिला. तेव्हा वाटलं न विरघळलेलं सिलिकेट असेल, तसंच पुढे नेलं. मग स्टँडर्डचे (ज्याची घटना आधीच माहीत आहे अशा तपासणीच्या दगडाचे) आकडे आले तेव्हा थोरियम ठरलेल्या किमतीपेक्षा जवळपास १० टक्के कमी! तो साका फ्लोराइडचा होता, कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिनियमची फ्लोराइडं तळाशी बसतात आणि थोरियम, रेअर अर्थ मूलद्रव्यं (लॅन्थॅनम, सिरियम, यटर्बियम वगैरे) स्वतःबरोबर धरून बसतात. म्हणजे मोजणी चुकली नव्हती, मोजायला जे द्रावण दिलं त्यातच थोरियम अपुरं होतं. स्टँडर्ड लावला नसता तर मी हे कमी थोरियम खरं मानून त्यावर भूशास्त्र लिहिलं असतं, या विचाराने त्या रात्री नीट झोप लागली नाही.

सगळी खेप परत केली. बंद भांड्यात जास्त तापमानाला दोन दिवस ठेवून, नंतर नायट्रिकबरोबर तीनदा कोरडं करून. साका गेला. एक्सआरएफचं झिरकोनियम आणि आयसीपी-एमएसचं (द्रावणातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या मशीनचं) झिरकोनियम एकमेकांसमोर मांडलं तर आता सरळ रेषेत येतंय, ही तपासणी फुकटात होते आणि प्रत्येकाने करावीच.

१२ फेब्रुवारी

आता मोबिलिटी. जुन्या दगडातून पाणी फिरलेलं असतं आणि पाण्याबरोबर पोटॅशियम, रुबिडियम, बेरियम, बऱ्याचदा सोडियम आणि स्ट्रॉन्शियमही इकडून तिकडे जातात. त्यामुळे ताज्या लाव्हाचं वर्गीकरण ज्या सिलिका-अल्कली ग्राफवर करतात तो इथे उघडायचाही नाही.

साधी युक्ती अशी की झिरकोनियम आडव्या अक्षावर घ्यायचं आणि बाकी एकेक मूलद्रव्य उभ्या अक्षावर. मूलद्रव्य जागेवर राहिलं असेल तर एकाच मॅग्मापासून आलेले सॅम्पल एका पट्ट्यात येतात, हललं असेल तर विखुरतात. बेरियम आणि रुबिडियम म्हणजे मुठीतून धान्य फेकल्यासारखं. टायटॅनियम, यट्रियम, नायोबियम, यटर्बियम छान रांगेत. थोरियम आणि लॅन्थॅनम रांगेत आहेत पण रांगा दोन दिसतात, एक खाली आणि एक वर. हे लक्षात ठेवायचं.

सिरियमचीही तपासणी केली. शेजारच्या लॅन्थॅनम आणि प्रेसिओडिमियमवरून सिरियम किती असायला हवं ते काढायचं आणि खरं किती आहे त्याच्याशी गुणोत्तर घ्यायचं. ग्रीनलंडमधल्या इसुआच्या ३७० ते ३८० कोटी वर्षं जुन्या दगडांवर काम करताना ०.९ ते १.१ ही मर्यादा वापरली गेली होती, मीही तीच वापरली. दोन सॅम्पल ०.८ च्या खाली गेले. राहिले २४.

३४ पैकी २४. मॅडम म्हणाल्या, "काढलेल्या दहाची यादी आणि कारणं परिशिष्टात घाल, लपवू नकोस." बरोबर आहे, कुठले काढले हे वाचणाऱ्याला दिसलं नाही तर मी माझ्या सोयीचे ठेवले असं त्याला वाटू शकतं.

१८ फेब्रुवारी

पहिला त्रिकोण काढला. १९७३ मध्ये पिअर्स आणि कॅन यांनी दिलेला, टायटॅनियम भागिले १००, झिरकोनियम, आणि यट्रियम गुणिले ३. या एका ग्राफने हा सगळा विषय सुरू झाला असं म्हटलं तरी चालेल, आणि त्यामागची कल्पना खरंच सुंदर आहे: आज ज्यांचं ठिकाण माहीत आहे असे बेसाल्ट घ्या, त्यांची न हलणारी मूलद्रव्यं मांडा, कोण कुठे बसतो त्याच्या हद्दी आखा, आणि मग ठिकाण माहीत नसलेला दगड त्यात टाका.

माझे २४ त्यात टाकले तर १५ सॅम्पल नेमके त्या भागात पडले जिथे रिज आणि आर्क दोघांच्या हद्दी एकमेकांवर येतात. टायटॅनियम-व्हॅनेडियमचा १९८२ चा ग्राफ काढला (टायटॅनियम भागिले व्हॅनेडियम १० ते २० असेल तर आर्क, २० ते ५० असेल तर रिज, ढोबळमानाने), तर माझ्या सॅम्पलचं हे गुणोत्तर १७ ते २४. म्हणजे रेषेच्या दोन्ही बाजूंना. थोरियम-हाफ्नियम-टँटलमचा त्रिकोण मात्र अर्ध्या सॅम्पलना ठामपणे आर्क म्हणतोय.

इथे एक गोष्ट मला खूप खटकते ती लिहून ठेवतो. या ग्राफमध्ये "माहीत नाही" असा रकाना नसतो. काहीही टाका, बिंदू कुठेतरी पडतोच आणि तिथे कसलं तरी नाव लिहिलेलं असतं. २०१५ मध्ये आजच्या हजारो बेसाल्टचा डेटा घेऊन हे ग्राफ तपासले गेले तेव्हा बऱ्याच ग्राफमध्ये वेगवेगळ्या ठिकाणचे बेसाल्ट एकमेकांवर भरपूर चढलेले दिसले. आजच्या दगडांची ही गत असेल तर २७० कोटी वर्षांपूर्वीच्या दगडावर एका त्रिकोणाच्या जिवावर निकाल कसा द्यायचा?

२७ फेब्रुवारी

आज जे झालं ते या प्रकल्पातलं आत्तापर्यंतचं सगळ्यात महत्त्वाचं.

२००८ मध्ये पिअर्स यांनीच एक वेगळा ग्राफ दिला. आडव्या अक्षावर नायोबियम भागिले यटर्बियम, उभ्यावर थोरियम भागिले यटर्बियम. समुद्रातले बेसाल्ट, रिजचे असोत वा हवाईसारख्या बेटांचे, एका तिरक्या पट्ट्यात येतात, कारण मँटल वितळताना नायोबियम आणि थोरियम जवळपास एकसारखे वागतात. सबडक्शन असेल तर खाली जाणाऱ्या प्लेटमधून निघालेलं पाणी आणि वितळ थोरियम वर घेऊन येतात पण नायोबियम खालीच राहतं, रूटाइलसारखं खनिज त्याला धरून ठेवतं, म्हणून बिंदू पट्ट्याच्या वर उचलला जातो. हेच ते प्रसिद्ध "निगेटिव्ह नायोबियम", ज्यावरून कितीतरी जुन्या पट्ट्यांना आर्क ठरवलं गेलंय.

माझ्या शीटमध्ये सॅम्पलबरोबर स्टँडर्डच्या ओळीही होत्या, काढायला विसरलो, आणि ते दोन्ही ग्राफवर आले. बीएचव्हीओ-२ हा हवाईच्या किलाउएआचा बेसाल्ट, नायोबियम १८ पीपीएमच्या (दहा लाख भागांत १८ भागांच्या) आसपास, थोरियम १.२, यटर्बियम २. तो पट्ट्यात बरोबर बसला. बीसीआर-२ हा अमेरिकेतल्या कोलंबिया नदीच्या पठाराचा, खंडावर पसरलेला पठारी बेसाल्ट. नायोबियम साधारण १२.५, थोरियम ५.९ च्या जवळ, यटर्बियम ३.४. हा पट्ट्याच्या खूप वर गेला, सरळ आर्कच्या भागात!

जगभरच्या लॅबमध्ये ज्याची बाटली असते, जो आर्कच्या ज्वालामुखीतून आलेला नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तोच दगड आर्क म्हणून येतो. मी किती वेळ स्क्रीनकडे बघत बसलो होतो कोण जाणे. मग आपल्या दख्खनचं आठवलं. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे सह्याद्रीतले थर, त्यातलं बुशे फॉर्मेशन खंडीय कवच सगळ्यात जास्त खाल्लेलं म्हणून ओळखलं जातं आणि आंबेनळी सगळ्यात कमी. दोन्ही एकाच ज्वालामुखी घटनेचे, एकाच डोंगररांगेत, एकमेकांपासून काही शे मीटर उंचीच्या फरकाने. स्ट्रॉन्शियमचं समस्थानिक गुणोत्तर आंबेनळीत ०.७०४ च्या आसपास, बुशेत ०.७१३ च्याही वर. म्हणजे वाटेत मॅग्माने काय गिळलं त्यावर त्याची सही बदलते, तो निघाला कुठून हे तेच राहून.

आणि खंडीय कवचात नायोबियम कमी का असतं? कारण ते कवच स्वतःच बहुतांशी आर्कसारख्या प्रक्रियेतून बनलंय. सही खरी असते, पण ती त्या लाव्हाची नसून त्याने वाटेत गिळलेल्या जुन्या दगडाची असू शकते.

३ मार्च

मिश्रणाचं गणित केलं, कागदावर, कारण स्वतः केल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. सुरुवातीचा बेसाल्ट असा धरला: नायोबियम ४, थोरियम ०.३५, यटर्बियम २.२ पीपीएम. यात वरच्या खंडीय कवचाचा सरासरी दगड मिसळायचा, त्यात नायोबियम १२, थोरियम १०.५, यटर्बियम २ च्या जवळपास.

शून्य टक्क्याला नायोबियम भागिले थोरियम ११.४. फक्त ५ टक्के कवच घातलं की ५.१. १० टक्क्यांना ३.५. आदिम मँटलचं (कवच वेगळं व्हायच्या आधीच्या मँटलचं) हे गुणोत्तर ८.४ च्या आसपास धरतात, म्हणजे ५ टक्क्यांतच बेसाल्ट "निगेटिव्ह" झाला. यटर्बियम मात्र जवळपास हललंच नाही, त्यामुळे ग्राफवर बिंदू जवळजवळ उभा वर चढतो, अगदी सबडक्शनमध्ये चढतो तसाच. आणि ५ टक्के म्हणजे काहीच नाही हो, कोमाटीआइटसारखा तापलेला मॅग्मा ग्रॅनाइटच्या भेगेतून वर येताना भिंती वितळवत येणार हे उघड आहे.

मग यातला फरक कसा ओळखायचा? मला सुचलेला रस्ता असा: कवच गिळलं असेल तर सगळ्या खुणा एकत्र, एकाच प्रमाणात हलल्या पाहिजेत. सिलिका वाढेल, लॅन्थॅनम भागिले समेरियम वाढेल, नायोबियम भागिले थोरियम घटेल, आणि कवच पुरेसं जुनं असेल तर निऑडिमियमचं समस्थानिकही खाली येईल. सबडक्शन असेल तर मँटलचा उगमच बदललेला असतो, त्यामुळे सगळ्यात कमी सिलिकावाल्या आदिम सॅम्पलमध्येही निगेटिव्ह नायोबियम दिसायला हवं.

१० मार्च

२४ सॅम्पलचे आता स्वच्छ गट पडले. १२ फेब्रुवारीला ज्या दोन रांगा दिसल्या होत्या त्याच.

पहिल्या गटात १३, त्यात दोन्ही कोमाटीआइट. रेअर अर्थचा आलेख सपाट, नायोबियमला खड्डा नाही (म्हणजे "निगेटिव्ह नायोबियम" नाही), नायोबियम भागिले थोरियम ८ ते ११. टायटॅनियम आणि यटर्बियमच्या गुणोत्तरावरून वितळताना गार्नेट (हे खनिज खोलवरच टिकतं) मागे राहिल्याची खूण नाही, म्हणजे वितळणं उथळ खोलीपर्यंत चाललं. समुद्री पठारांच्या बेसाल्टशी हे बरंच जुळतं.

दुसऱ्या गटात ८. नायोबियम भागिले थोरियम ३ ते ५.५, आणि सिलिकाबरोबर ते एका रेषेत घटतंय. माझ्या मिश्रणाच्या वक्रावर हे आठही ४ ते १३ टक्क्यांच्या मध्ये बसतात.

उरले ३. ते कुठेच नीट बसत नाहीत. नायोबियम भागिले थोरियम ४ च्या आसपास पण सिलिका ४९ आणि लॅन्थॅनम भागिले समेरियम अगदीच कमी. तिन्ही पट्ट्याच्या सगळ्यात वरच्या थरातले आहेत, हा योगायोग वाटत नाही.

२ एप्रिल

समस्थानिकांचे आकडे मिळाले, दहा सॅम्पल पाठवले होते. समेरियम-१४७ चं निऑडिमियम-१४३ होतं, अर्धायुष्य साधारण १०,६०० कोटी वर्षं, त्यामुळे घड्याळ अतिशय सावकाश चालतं आणि म्हणूनच इतक्या जुन्या दगडांना उपयोगी. २७० कोटी वर्षांपूर्वीची एप्सिलॉन-निऑडिमियम ही किंमत मागे जाऊन काढली (अधिक म्हणजे मँटलसारखं, उणेकडे म्हणजे जुन्या कवचासारखं). पहिला गट अधिक २ ते अधिक २.८, तेव्हाच्या, आधीच थोडं वितळ निघून गेलेल्या मँटलला शोभेल असं. दुसरा गट अधिक १.३ पासून उणे ०.४ पर्यंत, आणि जितकं नायोबियम भागिले थोरियम कमी तितकी ही किंमत खाली. दोन वेगळ्या मशीनवर, दोन वेगळ्या पद्धतीने काढलेले आकडे एकाच रेषेत आले तेव्हा इतका आनंद झाला की लॅबमधल्या सगळ्यांना बोलावून ग्राफ दाखवला.

त्यात टफच्या झिरकॉनमध्ये काही दाणे ३२० कोटी वर्षांचे आहेत. म्हणजे खाली किंवा शेजारी जुनं कवच खरंच होतं. दुसऱ्या गटाचा लाव्हा त्यातून आला किंवा त्याच्या कडेला घासून आला.

एक खबरदारी इथे लिहिलीच पाहिजे. गिळलेलं कवच लाव्हापेक्षा जेमतेम ५ कोटी वर्षांनी जुनं असेल तर निऑडिमियममध्ये ते दिसणारच नाही, कारण त्याला वेगळं व्हायला वेळच मिळालेला नसतो. म्हणून समस्थानिक "स्वच्छ" म्हणजे कवच नाहीच असं उलटं म्हणता येत नाही. आणि माझे ते ३ सॅम्पल नेमके असेच आहेत, नायोबियमला खड्डा आहे पण निऑडिमियम अधिक २.४.

१४ एप्रिल

त्या तिघांवर आठवडा घालवला. सबडक्शनची खूण म्हणून बोनिनाइट हा लाव्हा फार वजनदार मानतात: सिलिका ५२ च्या वर, मॅग्नेशियम ऑक्साइड ८ च्या वर आणि टायटॅनियम ऑक्साइड ०.५ च्या खाली. असा दगड व्हायला आधीच एकदा वितळून थकलेलं मँटल पाण्याच्या मदतीने परत वितळवावं लागतं. २०१४ मध्ये जपानच्या दक्षिणेला इझू-बोनिन भागात समुद्रतळात भोकं पाडली तेव्हा आधीचे साधे बेसाल्ट आणि नंतरचे बोनिनाइट असा क्रम समोर आला, म्हणजे नुसता दगड नाही तर कुठल्यानंतर कुठला आला हेही बोलतं. दक्षिण भारतातल्या धारवाड या प्राचीन भूखंडाच्या गदवाल पट्ट्यातूनही बोनिनाइटसारखे दगड नोंदवलेत.

माझ्या तिघांत टायटॅनियम ऑक्साइड ०.६ ते ०.७ आणि सिलिका ४९. बोनिनाइट नाहीत. पण क्रम बघा, खाली पठारासारखे बेसाल्ट आणि कोमाटीआइट, मध्ये कवच गिळलेले, आणि सगळ्यात वर हे तीन, टायटॅनियम कमी, नायोबियमला खड्डा, समस्थानिक स्वच्छ. हे पठार नंतर एखाद्या प्लेटच्या कडेला जाऊन भिडलं आणि तिथे सबडक्शन सुरू झालं असं असू शकतं. किंवा नुकत्याच बनलेल्या कोवळ्या कवचाचा एक तुकडा गिळला एवढंच. केमिस्ट्री दोन्हीला हो म्हणते.

ट्रूडोसची गोष्ट इथे सारखी आठवते. सायप्रसमधला तो ओफिओलाइट (जमिनीवर चढलेला समुद्रतळाचा तुकडा) म्हणजे समुद्राच्या मधल्या रिजचा नमुना असं सगळे धरून चालले होते, आणि १९७३ मध्ये मियाशिरोंनी केमिस्ट्रीवरून सांगितलं की हा आर्कमध्ये बनलाय. केवढा गदारोळ झाला. त्यांनी वापरलेली काही मूलद्रव्यं बदलाला बळी पडणारी होती ही टीका रास्त होती, तरी न हलणाऱ्या मूलद्रव्यांवरून आणि तिथल्या बोनिनाइटसारख्या लाव्हावरून सबडक्शनचा संबंध नंतर मान्य झाला. पण तिथे उभ्या डाइकांची (भेगांत थिजलेल्या मॅग्माच्या भिंतींची) अख्खी रांग आहे, खालचा गॅब्रो (खोलवर थिजलेला मॅग्मा) आहे, मँटलचा तुकडा आहे, सगळं एकमेकांना लागून. माझ्याकडे वरच्या थराखाली काय आहे तेच झाकलेलं आहे.

२३ एप्रिल

अहवालाचा कच्चा मसुदा. शीर्षकात "आर्क" हा शब्द होता, जानेवारीत प्रस्ताव लिहिताना घातलेला, तो काढला. पहिल्या गटाबद्दल ठामपणे लिहिलंय, दुसऱ्याबद्दलही, कारण तिथे चार स्वतंत्र खुणा एकत्र बोलतात. तिघांबद्दल दोन्ही शक्यता लिहिल्यात आणि कुठली तपासणी केली तर निकाल लागेल तेही.

मॅडमनी समासात एक प्रश्न लिहिला: आजच्या बेसाल्टवरून आखलेल्या हद्दी तेव्हाच्या मँटलला लावायच्या कशा, तेव्हा ते आजच्यापेक्षा शंभर ते अडीचशे अंशांनी गरम होतं, वितळण्याचं प्रमाण वेगळं, प्लेटा आजच्यासारख्या होत्या का यावरच वाद. यावर मी हद्दीचे सगळे ग्राफ मजकुरातून काढून परिशिष्टात टाकले. मजकुरात फक्त गुणोत्तरं, मिश्रणाचा वक्र आणि थरांचा क्रम ठेवला, कारण या तिन्हींमागची कारणं मँटल गरम असलं तरी लागू राहतात. बीसीआर-२ चा बिंदू मात्र पहिल्याच ग्राफवर लाल रंगात ठेवलाय, नावासकट.

३० एप्रिल

पुढच्या फिल्डसाठी जागा ठरली. ते तीन सॅम्पल जिथले आहेत त्याच्या उत्तरेला ओढ्याच्या पात्रात वरच्या थराचा आणि मधल्या थराचा संपर्क उघडा पडलेला दिसतोय, उपग्रहाच्या चित्रात तरी. तिथे मध्ये गाळाचा खडक आहे का, कॉन्ग्लोमरेट असेल तर त्यात गोटे कसले आहेत, डाइक खालच्या थरातून वर गेलेत की वरच्यापाशी थांबलेत, हे आधी बघायचं. मग सॅम्पल. वरच्या थरातले किमान १५ तरी हवेत, तिनावर काही उभं राहत नाही. हातोडा, जीपीएस, जाड पिशव्या, आणि दळायला अ‍ॅगेटचं भांडं आत्ताच बुक करून ठेवलंय.